‘इन्स्टिगेट’ हे इंग्रजी क्रियापद कसे वापरावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ज, तक्रारपत्रे, अनुवाद आणि परीक्षेतील निबंध लिहिताना ‘इन्स्टिगेट’ या इंग्रजी क्रियापदापाशी अडखळणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्न एकमेकांना भिडतात, तेथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचून पाहावीत, कारण कोणता शब्द कोठे खटकतो हे बऱ्याचदा डोळ्यांआधी कानाला कळते.

१. ‘इन्स्टिगेट’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ म्हणजे एखादी घटना किंवा कृती आपल्या पुढाकाराने घडवून आणणे. दुसरा अर्थ म्हणजे एखाद्या व्यक्तीला काही करण्यास, बहुधा वाईट काही करण्यास, प्रवृत्त करणे. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: करणाऱ्याच्या मनात हेतू असतो, आणि प्रत्यक्ष कृती पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून होते. मागे राहून पहिला धक्का देणारा जो असतो, त्याच्यासाठी हा शब्द आहे.

२. याचा उच्चार आणि रूपे कशी आहेत?

उच्चारात जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘इन्’वर येतो. ‘गेट’वर जोर देऊन उच्चारण्याची सवय अनेकांना असते, ती टाळावी. भूतकाळी रूप ‘इन्स्टिगेटेड’, चालू कृतीचे रूप ‘इन्स्टिगेटिंग’, नाम ‘इन्स्टिगेशन’ आणि कर्तृवाचक नाम ‘इन्स्टिगेटर’ आहे. या शेवटच्या शब्दाचे स्पेलिंग ‘ओ-आर’ने संपते, ‘ई-आर’ने नव्हे.

३. हा शब्द आला कोठून? मूळ जाणून काही उपयोग होतो का?

उपयोग होतो, कारण या शब्दाच्या पोटात एक स्पष्ट चित्र आहे. लॅटिन ‘इन्स्टिगारे’ म्हणजे टोचून पुढे ढकलणे. त्याचा धातू टोचण्याच्या अर्थाचा असून, खुणेसाठी टोचणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी आणि त्यातून आलेल्या ‘स्टिग्मा’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. बैल चालावा म्हणून गाडीवान त्याला पराणी टोचतो. गाडी ओढतो बैल, पण चालण्याचे कारण ती पराणी असते. ‘इन्स्टिगेट’चे सगळे वागणे या एका चित्रावरून समजते.

इंग्रजीत ‘इन्स्टिगेशन’ हे नाम आधी, पंधराव्या शतकात आले आणि क्रियापद सोळाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले. त्यानंतर शतकानुशतके इंग्लंडमधील खुनाच्या आरोपपत्रांत एक ठरावीक वाक्य लिहिले जात असे: आरोपीने ईश्वराचे भय न बाळगता, ‘बाय द इन्स्टिगेशन ऑफ द डेव्हिल’, म्हणजे सैतानाच्या चिथावणीवरून, हे कृत्य केले. वार करणारा हात माणसाचा आणि टोचणी सैतानाची, असा त्याचा आशय. या शब्दाला आजही जी काळी छटा आहे, तिच्यात अशा वापराचा वाटा नक्कीच आहे.

४. ‘इन्स्टिगेट म्हणजे चिथावणे’ हे मला पाठ आहे. तरीही माझी वाक्ये तपासणारे लाल रेघ का मारतात?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर शब्दाच्या अर्थात नसून वाक्यातील कर्मात आहे.

मराठीत ‘चिथावणे’ या क्रियापदाचे कर्म माणूस असते. आपण जमावाला चिथावतो, भावाला चिथावतो, कामगारांना चिथावणी देतो. ‘दंगल चिथावली’ किंवा ‘भांडण चिथावले’ असे कोणी म्हणत नाही. दंगल घडवून आणली जाते, भांडण लावले जाते. आजच्या इंग्रजीत ‘इन्स्टिगेट’चा ओढा बरोबर उलट दिशेला आहे. त्याच्यापुढे माणूस नव्हे, तर घटना येते. ‘ही इन्स्टिगेटेड द रायट’ हे वाक्य सहज वाटते, तर ‘ही इन्स्टिगेटेड द क्राउड’ ऐकल्यावर ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचक क्षणभर थांबतो, कारण जमावाला काय करायला लावले हे त्याला कळलेले नसते.

कोशात ‘चिथावणे’ हा प्रतिशब्द वाचून आपण मराठी क्रियापदाची चौकट जशीच्या तशी इंग्रजीत नेतो. अर्थ बरोबर जातो, पण कर्म चुकते. म्हणून माझे सांगणे असे, की ‘इन्स्टिगेट’चा मराठी अर्थ लक्षात ठेवताना ‘चिथावणे’ऐवजी ‘चिथावून घडवून आणणे’ असा ठेवावा. मग पुढे काय येणार हे आपोआप ठरते: जे घडवून आणता येते ते. भांडण, संप, बंड, चौकशी, खटला, सुधारणा हे सारे येथे बसते. भाऊ, शेजारी, कामगार, जमाव हे बसत नाही.

५. मग ‘ही इन्स्टिगेटेड मी टू रिझाइन’ अशी वाक्ये पूर्णपणे चूक आहेत का?

नाहीत. माणूस कर्मस्थानी ठेवून पुढे ‘टू’ आणि क्रियापद ही रचना इंग्रजीत जुनी आहे, कोशांत नोंदलेली आहे आणि कायद्याच्या भाषेत जिवंत आहे (प्रश्न १४ पाहावा). भारतीय इंग्रजीत ती रोजच्या लिहिण्यातही आढळते. मात्र ब्रिटन-अमेरिकेतील आजच्या सामान्य गद्यात ती जुनकट वाटते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. ‘इन्स्टिगेटेड मी टू रिझाइन’ हे वाक्य निदान पूर्ण आहे, कारण काय करायला लावले ते त्यात सांगितले आहे. नुसते ‘ही इन्स्टिगेटेड मी’ एवढेच लिहून थांबणे मात्र अपुरे आहे. एका वाचकाने कार्यालयातील तक्रारीत सहकाऱ्याविषयी एवढेच वाक्य लिहिले होते आणि वरिष्ठांनी त्यावर ‘टू डू व्हॉट?’ असे लिहून कागद परत केला. त्याला सांगायचे होते, की सहकाऱ्याने मला मुद्दाम डिवचले. त्यासाठी योग्य क्रियापद ‘प्रोव्होक’ आहे (प्रश्न ७). कोणी भरीस घातले असे म्हणायचे असेल, तर साध्या इंग्रजीत ‘ही पुश्ड मी टू रिझाइन’ किंवा ‘ही टॉक्ड मी इंटू रिझायनिंग’ लिहावे.

६. ‘इन्स्टिगेट’ आणि ‘इन्साइट’ यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘भडकावणे’च ना?

आधी उच्चाराची एक अडचण दूर करू. ‘इन्साइट’ हे क्रियापद आणि अंतर्दृष्टी या अर्थाचे ‘इनसाइट’ हे नाम देवनागरीत जवळजवळ सारखेच लिहिले जाते. क्रियापदात जोर ‘साइट’वर असतो, नामात ‘इन्’वर. स्पेलिंगही वेगळे आहे. क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘सितारे’ म्हणजे हलवणे, चालना देणे हे आहे. ‘एक्साइट’ त्याच कुळातला.

आता अर्थाकडे वळू. ‘इन्साइट’ उघड असते आणि तापलेले असते. त्यात भाषण असते, समोर श्रोते असतात, भावना पेटवलेल्या असतात. त्याचे कर्म माणूसही असू शकते आणि भावना किंवा हिंसाही: ‘इन्साइट द क्राउड टू व्हायलन्स’, ‘इन्साइट हेट्रेड’. मराठीतील ‘भडकवणे’ याला फार जवळचे आहे, कारण आपणही जमाव भडकवतो आणि भावनाही भडकवतो. ‘इन्स्टिगेट’ शांतपणे, ठरवून आणि पडद्याआडूनही होऊ शकते. ‘फूस लावणे’ आणि ‘घडवून आणणे’ या दोन मराठी प्रयोगांच्या मध्ये त्याची जागा आहे. म्हणून ‘इन्स्टिगेट अ‍ॅन इन्क्वायरी’ चालते, पण ‘इन्साइट अ‍ॅन इन्क्वायरी’ कधीच चालत नाही. कोणी चौकशी भडकवत नाही.

आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांची शब्दनिवड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराच्या तिसऱ्या कलमात ‘डायरेक्ट अँड पब्लिक इन्साइटमेंट’, म्हणजे थेट आणि जाहीर चिथावणी, हा स्वतंत्र गुन्हा आहे. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या कराराच्या विसाव्या कलमात भेदभाव, वैर किंवा हिंसा यांच्या ‘इन्साइटमेंट’ला कायद्याने मनाई करण्यास सांगितले आहे. दोन्हीकडे विषय जाहीर बोलण्याचा आहे, म्हणून दोन्हीकडे शब्द ‘इन्साइटमेंट’ आहे. उलट, युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी १९९३ मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या नियमावलीत व्यक्तिगत जबाबदारी सांगताना ‘प्लॅन्ड, इन्स्टिगेटेड, ऑर्डर्ड, कमिटेड’ अशी क्रियापदे ओळीने येतात. कट रचला, चिथावून घडवले, हुकूम दिला, स्वतः केले. यावरून आणखी एक सूक्ष्म गोष्ट कळते. ‘ऑर्डर’ करायला अधिकार लागतो, ‘इन्स्टिगेट’ करायला तो लागत नाही.

७. ‘प्रोव्होक’ कधी वापरायचे?

समोरून प्रतिक्रिया उमटते तेव्हा. लॅटिन ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणे, बोलावणे. ‘प्रोव्होक’ म्हणजे आतले काही बाहेर बोलावणे, मग तो राग असो, हशा असो, वाद असो वा विचार. त्यामागे हेतू असलाच पाहिजे असे नाही. एखाद्याच्या साध्या बोलण्यानेही ‘लाफ्टर प्रोव्होक’ होऊ शकते. ‘इन्स्टिगेट’मध्ये मात्र हेतू गृहीतच असतो.

दोन्ही क्रियापदांचा गोंधळ होत असेल, तर रागाची दिशा पाहावी, असे मी नेहमी सांगतो. सापाला डिवचले तर तो डिवचणाऱ्यावरच फणा काढतो, ते ‘प्रोव्होक’. फूस लावलेला माणूस मात्र फूस लावणाऱ्याला सोडून तिसऱ्याच्या अंगावर धावून जातो, ते ‘इन्स्टिगेट’. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत ही वाटणी स्वच्छ दिसते. कलम ३०० च्या पहिल्या अपवादात ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’ येते आणि तेथे आरोपीच्या हातून जो मरतो, तो मुख्यतः त्याला डिवचणाराच असतो. ‘इन्स्टिगेट’ हे क्रियापद मात्र त्याच संहितेत वेगळ्या प्रकरणात, अपप्रेरणेच्या (गुन्ह्यास प्रवृत्त करणे किंवा साह्य करणे, इंग्रजीत ‘अ‍ॅबेटमेंट’) व्याख्येत, येते.

मराठीत कुरापत काढणे, डिवचणे, खोडी काढणे हे सगळे ‘प्रोव्होक’च्या बाजूला जाते. कान भरणे, फूस लावणे, कळ लावणे हे ‘इन्स्टिगेट’च्या बाजूला.

८. नुसते ‘सुरू करणे’ या अर्थाने ‘इन्स्टिगेट’ वापरले तर भाषा अधिक वजनदार होईल का?

भाषा वजनदार होत नाही. चुकीच्या ठिकाणी गेलेला मोठा शब्द उघडा पडतो. यंत्र, वर्ग, दुकान, प्रवास किंवा बैठक ‘इन्स्टिगेट’ करता येत नाही. तेथे ‘स्टार्ट’, ‘बिगिन’, ‘ओपन’ हेच शब्द बरोबर आहेत. आपण स्वतः पुढाकार घेऊन एखादी प्रक्रिया सुरू केली आणि पुढेही स्वतःच चालवली, तर ‘इनिशिएट’ वापरावे. त्याचे मूळ ‘आरंभ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे आणि त्याला कसलीही काळी छटा नाही. नोकरीच्या अर्जात ‘मी हा उपक्रम सुरू केला’ असे सांगताना ‘इन्स्टिगेटेड’ लिहिणारे बरेच भेटतात. तेथे ‘इनिशिएटेड’ किंवा ‘लाँच्ड’ लिहावे, कारण अर्ज वाचणाऱ्याच्या मनात उपक्रमाऐवजी उपद्रव उभा राहता कामा नये.

न्यायालयीन कारवाईच्या बाबतीत तीन क्रियापदे शेजारी शेजारी येतात. ‘इन्स्टिट्यूट प्रोसीडिंग्ज’ हा कायद्याचा औपचारिक प्रयोग, ‘इनिशिएट प्रोसीडिंग्ज’ हा सर्वसाधारण प्रयोग आणि ‘इन्स्टिगेट प्रोसीडिंग्ज’ हा ब्रिटिश लेखनात आढळणारा मान्य प्रयोग. तिन्ही बरोबर आहेत. शंका असेल तेव्हा पहिला निवडावा.

९. पाऊस, आजार, अफवा अशा गोष्टी ‘इन्स्टिगेट’ करू शकतात का?

निसर्गाला हेतू नसतो, म्हणून ‘द रेन इन्स्टिगेटेड द फ्लड’ हे वाक्य टिकत नाही. तेथे ‘कॉज्ड’ लिहावे. साचलेल्या परिस्थितीत एका छोट्या घटनेने मोठी घटना सुटली असेल, तर ‘ट्रिगर्ड’ लिहावे. हा शब्द डच भाषेतील ‘ओढणे’ या क्रियापदावरून आला आहे. बंदुकीत गोळी आधीच भरलेली असते, चाप फक्त ओढला जातो, आणि लाक्षणिक अर्थातही हे चित्र कायम राहते. दमा, अ‍ॅलर्जी, भूस्खलन, बाजारातील पडझड या सर्वांना ‘ट्रिगर’ योग्य आहे. अफवेने दंगल पेटली असे म्हणायचे असल्यास ‘द रूमर स्पार्क्ड द रायट’ म्हणावे. अफवा मुद्दाम पसरवणारा माणूस सापडला, तर त्याच्याविषयी ‘ही इन्स्टिगेटेड द रायट’ म्हणता येईल.

१०. चांगल्या कामासाठी हा शब्द वापरता येतो का?

येतो, पण वाचक कोण आहे ते पाहून. ब्रिटिश इंग्रजीत ‘इन्स्टिगेट रिफॉर्म्स’, ‘इन्स्टिगेट अ रिव्ह्यू’ हे प्रयोग तटस्थ आहेत. अधिकृत अहवालांतही ते येतात आणि त्यात कोणावर दोष नसतो. अमेरिकी वाचकाच्या मनात मात्र या शब्दाबरोबर आधी भांडणतंटा उभा राहतो. दोन्हीकडचे वाचक असतील, तर सुधारणा ‘इनिशिएट’ कराव्यात.

ब्रिटिश प्रयोगातही एक अंतःसूत्र आहे. ‘द मिनिस्टर इन्स्टिगेटेड अ रिव्ह्यू’ म्हणजे मंत्र्याने आढावा घ्यायला लावला. प्रत्यक्ष आढावा समितीने घेतला. टोचणारा वेगळा आणि चालणारा वेगळा, हे मूळ चित्र येथेही शाबूत आहे.

११. ‘अ‍ॅट द इन्स्टिगेशन ऑफ’ हा शब्दप्रयोग नेहमी दोषारोप असतो का?

नाही. ‘अ‍ॅट द इन्स्टिगेशन ऑफ हर डॉक्टर, शी गेव्ह अप स्मोकिंग’ याचा अर्थ डॉक्टरांच्या आग्रहावरून तिने धूम्रपान सोडले, एवढाच आहे. मराठीत त्याचा अनुवाद संदर्भ पाहून ‘सांगण्यावरून’, ‘आग्रहाखातर’, ‘पुढाकाराने’ किंवा ‘चिथावणीवरून’ असा चारही प्रकारे होऊ शकतो. अनुवादकांनी येथे विशेष जपावे. डॉक्टरांच्या चिथावणीवरून कोणी विडी सोडत नाही. आजच्या इंग्रजीत या प्रयोगात अव्यय ‘अ‍ॅट’च येते. ‘ऑन द इन्स्टिगेशन’ हे रूप आपल्याकडे ‘वरून’ या प्रत्ययाच्या प्रभावाने लिहिले जाते, ते टाळावे.

१२. ‘इन्स्टिगेटर’ला मराठीत काय म्हणावे?

क्रियापद तटस्थ असू शकते, पण हे नाम बहुतेक वेळा आरोपाचे असते. संदर्भानुसार ‘चिथावणीखोर’, ‘फूस लावणारा’ किंवा, योजना मोठी असल्यास, ‘सूत्रधार’ म्हणता येईल. कौतुकाने म्हणायचे असेल, तर इंग्रजीत ‘पायोनियर’ किंवा ‘फाउंडर’ आणि मराठीत ‘प्रवर्तक’ किंवा ‘आद्य पुरस्कर्ता’ लिहावे. ‘रिंगलीडर’ म्हणजे टोळीच्या पुढे असणारा म्होरक्या. इन्स्टिगेटर पुढे असेलच असे नाही.

१३. ‘ही इन्स्टिगेटेड द वर्कर्स अगेन्स्ट द मॅनेजर’ हे वाक्य बरोबर आहे का?

हे वाक्य भारतीय इंग्रजीत सर्रास दिसते आणि ते ‘व्यवस्थापकाविरुद्ध कामगारांना चिथावले’ या रचनेची थेट छाया आहे. बाहेरच्या वाचकाला ते खटकते. कामगारांची मने कलुषित केली, असे म्हणायचे असेल, तर ‘ही टर्न्ड द वर्कर्स अगेन्स्ट द मॅनेजर’ लिहावे. उघडपणे भडकावले असेल, तर ‘इन्साइट’ वापरावे. ‘इन्स्टिगेट’च ठेवायचे असेल, तर कामगारांनी काय केले ते लिहावे: ‘ही इन्स्टिगेटेड द स्ट्राइक’. कर्म माणसाकडून घटनेकडे नेले, की वाक्य आपोआप सुधारते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला नियम तो हाच.

१४. चिथावणी दिली, पण पुढे काही घडलेच नाही. तरी ‘इन्स्टिगेटेड’ म्हणता येईल का?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण याचे उत्तर पुन्हा कर्माशीच येऊन थांबते.

कर्मस्थानी घटना असेल, तर घटना घडलेलीच असली पाहिजे. ‘ही इन्स्टिगेटेड अ रायट’ असे लिहिले आणि दंगल झालीच नसेल, तर वाक्य खोटे ठरते. त्यासाठी ‘ट्राइड टू इन्स्टिगेट’ लिहावे लागते. कर्मस्थानी माणूस असेल, तर मात्र टोचणी लागली एवढेच सांगितलेले असते. पुढे बैल चालला की अडून बसला, हे वाक्याबाहेर राहते.

१८६० च्या दंड संहितेचे कलम १०७ ‘इन्स्टिगेट्स एनी पर्सन टू डू दॅट थिंग’ अशा शब्दांत अपप्रेरणेचा पहिला प्रकार सांगत असे. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्येही तेच शब्द राहिले आहेत. येथे कर्म ‘पर्सन’ आहे, आणि म्हणून जुन्या संहितेच्या कलम १०८ खालील उदाहरण असे आहे: ‘अ’ने ‘ब’ला ‘क’चा खून करण्यास चिथावले, ‘ब’ने नकार दिला, तरीही ‘अ’ अपप्रेरणेचा दोषी आहे. खून झालेला नाही आणि क्रियापद मात्र पूर्ण झाले आहे.

याउलट, प्रश्न ६ मध्ये उल्लेखिलेल्या न्यायाधिकरणाच्या न्यायनिर्णयांत ‘इन्स्टिगेशन’साठी मूळ गुन्हा प्रत्यक्ष घडलेला असणे आवश्यक मानले गेले. वंशसंहाराची थेट आणि जाहीर ‘इन्साइटमेंट’ मात्र पुढे काही न घडताही गुन्हा ठरते. म्हणजे ‘इन्स्टिगेट’ हा एकच शब्द एका कायद्यात परिणामाशिवाय पुरा होतो आणि दुसऱ्यात होत नाही. कायद्याचा मजकूर अनुवादित करणाऱ्याने त्या त्या कायद्याची व्याख्या समोर ठेवूनच प्रतिशब्द निवडावा, नुसत्या कोशावर विसंबू नये.

१५. ‘अ‍ॅबेट’ आणि ‘इन्स्टिगेट’ एकच आहेत का?

कायद्यात ‘अ‍ॅबेट’ हे मोठे वर्तुळ आहे. वर उल्लेखिलेल्या व्याख्येत चिथावणी, कटात सहभाग आणि हेतुपूर्वक साह्य असे अपप्रेरणेचे तीन मार्ग आहेत. चिथावणी हा त्यांपैकी एक. बातम्यांत ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याप्रकरणी’ असे छापून येते, त्यामागे कायद्यातील शब्द ‘अ‍ॅबेटमेंट’ असतो. त्याचा इंग्रजी अनुवाद ‘इन्स्टिगेशन’ असा करू नये.

१६. अमेरिकी मालिकांत मुले एकमेकांना ‘स्टॉप इन्स्टिगेटिंग!’ म्हणतात. तेथे कर्म कोठे आहे?

तेथे कर्म नसते. अमेरिकी बोलभाषेत हे क्रियापद एकटेच वापरले जाते आणि त्याचा अर्थ दोघांत भांडण लावून देणे, आगीत तेल ओतणे असा होतो. मराठीत ‘काड्या घालू नकोस’ किंवा ‘कळ लावू नकोस’ हे त्याचे अगदी चपखल भाषांतर आहे, आणि गंमत म्हणजे त्यातही कोणाला आणि कशासाठी हे सांगावे लागत नाही. औपचारिक लेखनात हा प्रयोग करू नये.

१७. ‘फोमेंट’, ‘गोड’ आणि ‘एग ऑन’ हे शब्द कोठे बसतात?

‘फोमेंट’चे मूळ ऊब देणे, शेकणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. असंतोष किंवा बंडाळी हळूहळू उबवणे, तिला खतपाणी घालणे, असा त्याचा अर्थ असून कर्म नेहमी उपद्रवच असतो. ‘गोड’ म्हणजे गुरे हाकण्याची टोकदार काठी, आपली पराणीच. तिच्यावरून आलेल्या क्रियापदाला कर्म म्हणून माणूस लागतो. ‘एग ऑन’चा अंड्याशी काही संबंध नाही. तो चिथावणे या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला आहे. जवळ उभे राहून ‘मार, मार’ म्हणणाऱ्यांसाठी तो योग्य. ‘चिथावणे’सारखे माणूसच कर्म घेणारे इंग्रजी क्रियापद हवे असेल, तर ‘गोड’ आणि ‘एग ऑन’ हाताशी ठेवावेत.

१८. ‘इन्स्टिगेट’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ यांची गल्लत कशी टाळावी?

‘इन्व्हेस्टिगेट’च्या मुळाशी पाऊलखूण आहे, माग काढणे आहे. ‘इन्स्टिगेट’च्या मुळाशी टोचणी आहे. ‘द बोर्ड इन्स्टिगेटेड अ‍ॅन इन्व्हेस्टिगेशन’ या वाक्यात दोन्ही आपापल्या जागी आहेत: मंडळाने चौकशी करायला लावली.

१९. मराठीत बोलताना ‘त्याने मला इन्स्टिगेट केलं’ असे म्हटले तर काय बिघडते?

इंग्रजी शब्दाला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवण्याची सोय मराठीत आहे आणि बोलण्यात ती सगळेच वापरतात. माझा आक्षेप इंग्रजी शब्दाला नाही, त्याच्या धूसरपणाला आहे. या एका वाक्याचा अर्थ डिवचले, भरीस घातले, फूस लावली, कान भरले यांपैकी काहीही असू शकतो, आणि या चार गोष्टी करणाऱ्याचा दोष सारखा नसतो. ज्याने डिवचले तो समोर होता. ज्याने कान भरले तो मागे होता. मराठी हा भेद एका शब्दात करते, तेव्हा निदान लिहिताना तरी तो हातचा घालवू नये.

२०. तक्रारीत ‘शी इन्स्टिगेटेड द क्वारल’ असे लिहिणे सुरक्षित आहे का?

या क्रियापदाने आपण दोन विधाने करतो: भांडणाला पहिला धक्का तिने दिला, आणि तो जाणूनबुजून दिला. दुसरे विधान मनातील हेतूविषयी आहे. ते डोळ्यांनी पाहिलेले नसते, वागण्यावरून काढलेले असते. म्हणून ज्याची चौकशी अजून व्हायची आहे, त्याविषयी लिहिताना ‘इज अलेज्ड टू हॅव इन्स्टिगेटेड’ अशी रचना करतात.

तक्रारदाराने त्याहूनही साधे लिहावे, असे मला वाटते. अलीकडे एका वाचकाने पाठवलेल्या मसुद्यात हेच वाक्य होते. मी विचारले, की तुम्ही प्रत्यक्ष काय ऐकले? उत्तर आले, की जेवणाच्या सुट्टीत ती एका सहकाऱ्याला म्हणाली, ‘तुझी फाइल त्यानेच दडवली, जा, विचार त्याला.’ तो सहकारी उठला आणि पाच मिनिटांत भांडण सुरू झाले. मसुद्यातील ‘इन्स्टिगेटेड’ काढून हीच दोन वाक्ये, वेळ आणि जागा यांसह, साध्या इंग्रजीत लिहिली. ते क्रियापद वापरायचे की नाही, हे चौकशी करणाऱ्यांवर सोपवले.